कऱ्हा खोऱ्याची तब्येत नकाशावर कशी मांडायची: क्यूजीआयएस, सेंटिनेल आणि बरीचशी पायपीट

सॅटेलाइट डेटा फुकट, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आणि यूट्यूबवर एनडीव्हीआय (उपग्रहाच्या इमेजवरून काढलेला हिरवेपणाचा आकडा) काढायचे ढीगभर व्हिडिओ, त्यामुळे आजकाल कुणीही अर्ध्या तासात आपल्या तालुक्याचा लाल-पिवळा-हिरवा नकाशा काढतो आणि खाली ठोकून देतो, 'पर्यावरणीय आरोग्य'. असा नकाशा पुरंदर-बारामती पट्ट्याचा काढून बघा. सगळ्यात हिरवागार दिसेल ऊस, त्याच्या खालोखाल ओढ्याकाठची वेडी बाभूळ, आणि ज्या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक पक्षी आहेत तो माळ एप्रिलमध्ये लालभडक. म्हणजे नकाशानुसार चिंकारा आजारी जागी राहतोय आणि निरोगी जागा कारखान्याच्या गव्हाणीत जातीय.

म्हणून हा लेख एनडीव्हीआयचं बटण कुठे आहे ते सांगायला नाही, ते तुम्हाला दोन मिनिटात सापडेल. ज्या प्रकारची जमीन आहे त्या प्रकारची ती किती चांगली आहे, हे डेटातून कसं काढायचं ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरण म्हणून कऱ्हा नदीचं खोरं घेतलंय: सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती आणि पुढे नीरेला संगम. पश्चिमेला पुरंदर किल्ल्याकडचे डोंगर, पूर्वेला पर्जन्यछायेतला माळ, मध्ये नाझरे धरण, सीताफळ-अंजिराच्या बागा, खाली कालव्याचा ऊस. एवढ्याशा खोऱ्यात इतकी विविधता आहे की इथे जमलं तर बाकी कुठेही जमेल. कोकणात किंवा विदर्भात राहत असाल तर महिने बदला, पद्धत तीच.

पायरी १: आधी कागद-पेन, लॅपटॉप नंतर

कागदावर लिहा की तुमच्या भागात कुठकुठल्या प्रकारच्या नैसर्गिक जागा आहेत. कऱ्हा खोऱ्यासाठी माझी यादी अशी: गवताळ माळ, काटेरी झुडपी माळ (हिवर, बोर, तरवड वगैरे), डोंगरउतारावरची पानझडी झाडी, ओढे-नदीकाठ आणि पाणथळ. मग प्रत्येकासमोर लिहा की यातला चांगला नमुना कसा असतो. चांगल्या माळावर मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी अशी बहुवर्षायू गवतं असतात, जमीन उघडी कमी असते, झाडं विरळ. बिघडलेल्या माळावर नुसती कुसळी, मध्ये उघडा मुरूम, गाजर गवत, कडेने वेडी बाभूळ घुसत आलेली. आता विचार करा, माळावर झाडांची टक्केवारी वाढली तर तब्येत सुधारली की बिघडली? जंगलासाठी सुधारली, माळासाठी बहुतेक वेळा बिघडली. एकच मोजमाप दोन ठिकाणी उलटं वाचावं लागतं, आणि हे आधी ठरवलं नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट.

सरकारी आकड्यांवर विसंबून चालत नाही ते याचसाठी. भारतीय वन सर्वेक्षण विभागाच्या अहवालात वनाच्छादन म्हणजे १ हेक्टर किंवा जास्त जागेवर १० टक्के किंवा जास्त वृक्षछत्र, जमीन कुणाची आणि झाड कसलं याच्याशी संबंध नाही. यात आंब्याची बाग बसते, माळ बसत नाही. वेस्टलँड अ‍ॅटलासमध्ये असे कितीतरी माळ 'पडीक' म्हणून आलेत. त्या अहवालांचं काम वेगळं आहे, चूक नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे नाही.

याच पायरीत संदर्भ तुकडे ठरवायचे, म्हणजे प्रत्येक प्रकारातली तुमच्या भागातली त्यातल्या त्यात चांगली राहिलेली जागा. माळासाठी सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य सोयीचं आहे, साधारण ५ चौरस किलोमीटरचं आहे, चिंकाऱ्यासाठी राखलेलं. पण एकट्यावर अवलंबून राहू नका, तिथेही काही भागात झाडं लावलेली आहेत. गावातल्या मेंढपाळांना विचारा, 'मामा, चांगलं गवत अजून कुठं राहिलंय?' यावर मिळणारं उत्तर कुठल्याही इंडेक्सपेक्षा भारी असतं. देवस्थानाची जमीन, कुणाचं तरी राखलेलं गवताचं कुरण, वनखात्याचा बंद केलेला कूप, अशा चार-पाच जागा मिळाल्या की झालं.

पायरी २: सीमा

तालुक्याची हद्द घेऊ नका, पाणलोट घ्या. पाणी, माती आणि बियाणं तालुक्याची पाटी बघून थांबत नाही. त्यासाठी उंचीचा डेटा लागतो, कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटर डीईएम (म्हणजे उंचीचा नकाशा) घ्या किंवा इस्रोच्या भुवन साइटवरचा कार्टोडेम. एसआरटीएम पण चालतो पण तो फेब्रुवारी २००० चा आहे, त्यानंतरच्या खाणी त्यात दिसणार नाहीत. क्यूजीआयएसमध्ये आधी खड्डे भरायचं टूल चालवा, मग ग्रास या क्यूजीआयएसला जोडलेल्या सॉफ्टवेअरचं वॉटरशेड टूल, मग नीरा-कऱ्हा संगमाच्या थोडं वर आउटलेटचा बिंदू द्या, खोऱ्याचा पॉलिगॉन हातात येतो. बिंदू नेमका प्रवाहाच्या पिक्सेलवर पडला पाहिजे, एक पिक्सेल बाजूला गेला तर खोऱ्याऐवजी एखादं शेत मिळतं.

या पॉलिगॉनला बाहेरून ३ ते ५ किलोमीटरचा बफर द्या. सुप्याच्या बाजूचे माळ पाणलोटाच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेत, लांडग्याला ती रेष माहीत नाही, आणि बफर नसेल तर काठावरचे सगळे तुकडे उगाच लहान दिसतात.

प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत: सगळे लेयर यूटीएम झोन ४३ उत्तर मध्ये आणा, ईपीएसजी कोड ३२६४३. पुणे, कोल्हापूर, नाशिक, गोवा सगळं ४३ मध्ये येतं, नागपूर-चंद्रपूरवाल्यांनी ४४ म्हणजे ३२६४४ घ्यावा. अक्षांश-रेखांशात ठेवून क्षेत्रफळ काढलेले नकाशे अजूनही फिरताना दिसतात, ते आकडे कचऱ्यात टाकायच्या लायकीचे असतात.

पायरी ३: डेटा कुठला, किती बारीक

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा डेटा हा मुख्य. पहिला उपग्रह २०१५ चा, दुसरा २०१७ चा, तिसरा २०२४ चा, दोन उपग्रह मिळून ५ दिवसांनी एक चक्कर. लाल, हिरवा, निळा आणि निअर इन्फ्रारेड हे बँड १० मीटरचे, रेड एज आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड २० मीटरचे. १० बाय १० मीटर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. हे डोक्यात ठेवलं की काय दिसेल आणि काय नाही ते लगेच कळतं: एक गुंठ्याचं घर दिसेल, बांधावरचं एकटं बोरीचं झाड नाही दिसणार. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा पिक्सेल ३० मीटर, म्हणजे ९ गुंठे, पण तो १९८४ पासून मिळतो, जुना काळ बघायला त्याला पर्याय नाही. नासाच्या मोडिस कॅमेऱ्याचा २५० मीटरचा पिक्सेल म्हणजे सुमारे १५ एकर, आपल्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत त्यात माळ, ऊस, वस्ती सगळं एकत्र कालवलं जातं. त्याचा उपयोग फक्त जिल्ह्याच्या पातळीवर.

सेंटिनेल कोपर्निकसच्या साइटवरून खातं काढून उतरवता येतो. लेव्हल २ए घ्या, त्यात वातावरणाची दुरुस्ती झालेली असते. गूगलचं अर्थ इंजिन येत असेल तर तिथेच करा, बिनव्यावसायिक कामाला फुकट आहे आणि लॅपटॉपचा पंखा वाचतो.

आता एक खड्डा, ज्यात बरेच जण पडतात. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेलच्या आकड्यांमध्ये १००० चा ऑफसेट घातलेला आहे. स्वतः फाइल उतरवली असेल तर त्यानंतरच्या इमेजमधून आधी १००० वजा करा, मग १०,००० ने भागा. नाही केलं तर काय होतं बघा: कोरड्या माळाचं खरं परावर्तन लाल ०.१५ आणि इन्फ्रारेड ०.२५ धरा, एनडीव्हीआय येतो ०.१० भागिले ०.४०, म्हणजे ०.२५. ऑफसेट तसाच ठेवला तर २५०० आणि ३५०० मिळतात, उत्तर १००० भागिले ६००० म्हणजे ०.१७. म्हणजे जमिनीवर काहीही न होता २०२१ ते २०२३ मध्ये तुमचा माळ 'उद्ध्वस्त' झाला, आणि कुणीतरी त्यावर बातमी पण करतो. अर्थ इंजिनमधलं हार्मोनाइज्ड नावाचं कलेक्शन वापरलं तर ही दुरुस्ती आपोआप होते. जुन्या तारखांचा डेटा नव्याने प्रोसेस करूनही टाकलेला असतो, त्यामुळे तारखेवर नका जाऊ, फाइलच्या मेटाडेटामध्ये ऑफसेट लिहिलेला आहे का ते उघडून बघा.

ढगांसाठी त्याच्यासोबतचा सीन क्लासिफिकेशन लेयर वापरा, ३, ८, ९ आणि १० हे आकडे म्हणजे ढगाची सावली, दोन प्रकारचे ढग आणि विरळ ढग. हे काढून टाका आणि राहिलेल्या इमेजचा मीडियन, म्हणजे मधला आकडा घ्या.

पाऊस हवाच. चर्प्स नावाचा पावसाचा जागतिक डेटा १९८१ पासून आहे पण पिक्सेल ५ किलोमीटरच्या आसपास, म्हणून राज्याच्या महारेन साइटवरची मंडळनिहाय आकडेवारी सोबत ठेवा. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून, पण आपल्या खेड्यातले रस्ते त्यात अर्धेमुर्धे असतात, बसून डिजिटाइझ करावे लागतील.

पायरी ४: तीन तारखांची युक्ती

सगळ्या लेखातलं सगळ्यात कामाचं हेच आहे, घाई असेल तर निदान एवढं करा.

एका तारखेच्या एनडीव्हीआयमधून काही कळत नाही, पण तीन तारखा घेतल्या की जमीन स्वतःच सांगते ती काय आहे. या पट्ट्यात तीन खिडक्या घ्यायच्या: ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, मग जानेवारी, मग एप्रिल. ऑक्टोबरमध्ये गवत अजून हिरवं असतं आणि ढग पांगलेले असतात. जानेवारीत गवत वाळून सोनेरी होतं पण रब्बी ज्वारी ऐन भरात असते. एप्रिलमध्ये पाण्याखालचं पीक आणि खोल मुळांची झाडं सोडून सगळं वाळलेलं.

प्रत्येक खिडकीचा एनडीव्हीआय काढा: बँड ८ (निअर इन्फ्रारेड) वजा बँड ४ (लाल), भागिले बँड ८ अधिक बँड ४. मग तिन्ही एकत्र करून एक रंगीत इमेज बनवा, लाल चॅनेलला एप्रिल, हिरव्याला ऑक्टोबर, निळ्याला जानेवारी. आता उघडा. माळ हिरवा दिसेल कारण तो फक्त ऑक्टोबरमध्ये जिवंत दिसतो. रब्बीची जमीन निळी. उभा ऊस पांढुरका कारण तो तिन्ही वेळा वर. वेडी बाभूळ करडी, तिन्ही वेळा मध्यम. उघडा मुरूम, खडी क्रशर, डांबर काळं. उन्हाळी पीक तांबूस. पहिल्यांदा ही इमेज बघितली की आपलाच तालुका नवीन वाटतो.

दोन-तीन घोटाळे इथेच सांगून ठेवतो. तोडणी झालेला ऊस त्या महिन्यात काळा दिसतो, त्यामुळे शंका आली तर वर्षभराचा कमाल एनडीव्हीआय बघा, उसाचा ०.६-०.७ च्या पुढे जातो, कोरडवाहू माळ एवढा सहसा जात नाही. ग्लिरिसिडिया उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतो, त्यामुळे ग्लिरिसिडियाची लागवड माळासारखी दिसू शकते, ती पकडायला गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी इमेज लावून झूम करा, समांतर चर आणि ओळीत खड्डे दिसले की ती लागवड. सीताफळाची बाग पण अशीच चकवते, तिथेही ओळी बघायच्या. आणि वरच्या डोंगरातल्या दाट झाडीत एनडीव्हीआय एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो, तिथे ईव्हीआय किंवा रेड एजवाला इंडेक्स वापरा.

उघडी जमीन जास्त असेल तिथे एनडीव्हीआय मातीच्या रंगानेही बदलतो, काळी माती आणि पांढरट मुरूम यावर तेवढंच गवत असलं तरी आकडा वेगळा. त्यासाठी सावी नावाचा इंडेक्स आहे: इन्फ्रारेड वजा लाल, भागिले त्यांची बेरीज अधिक ०.५, गुणिले १.५. मात्र हा करताना आकडे ० ते १ मधल्या परावर्तनात पाहिजेत. १०,००० च्या स्केलवर ठेवून ०.५ मिळवलं तर समुद्रात मीठ टाकल्यासारखं, काही फरकच पडत नाही आणि लोक सावी काढला म्हणून खूश.

पायरी ५: वाळलेलं गवत की उघडी जमीन?

माळाच्या तब्येतीचा खरा प्रश्न हा आहे. फेब्रुवारीत उभं वाळलेलं गवत असणं आणि खरवडून गेलेली जमीन असणं यात चिंकाऱ्याच्या आणि मातीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक, पण दोन्हीचा एनडीव्हीआय सारखाच, ०.१५-०.२ च्या आसपास, कारण वाळलेल्या गवतात हरितद्रव्यच नाही.

इथे बँड ११ आणि १२, म्हणजे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचे दोन बँड, कामाला येतात. ११ वजा १२, भागिले ११ अधिक १२. हा इंडेक्स मुळात शेतात पिकाचे अवशेष किती राहिलेत ते बघायला निघाला. वाळक्या गवतातलं सेल्युलोज बँड १२ च्या भागात प्रकाश शोषतं, त्यामुळे गवत असेल तिथे आकडा वर जातो. चिकणमातीतली खनिजंही त्याच भागात शोषतात हे विसरू नका, म्हणून काळ्या मातीत या इंडेक्सवर डोळे झाकून विश्वास नको, मुरमाड माळावर मात्र बऱ्यापैकी उपयोगी पडतो. संदर्भ तुकड्यावर आणि एका ढळढळीत उघड्या माळावर दोन्हीकडे आकडा काढा, फरक दिसला तरच पुढे वापरा.

माळ पेटवण्याचा प्रकार असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या इमेजमध्ये काळे डाग शोधा. नासाच्या फर्म्सवर आगीचे बिंदू मिळतात, पण पिक्सेल ३७५ मीटरचा आणि गवताची आग तासाभरात विझते, बऱ्याच आगी निसटतात.

पायरी ६: वर्गीकरण

आता तीन एनडीव्हीआय, पायरी ५ मधला बँड ११-१२ चा इंडेक्स, डीईएमवरून काढलेला उतार, असं सगळं एका स्टॅकमध्ये घालून रँडम फॉरेस्टला द्या, म्हणजे नमुने बघून प्रत्येक पिक्सेलचा वर्ग ठरवणाऱ्या पद्धतीला. क्यूजीआयएसमध्ये सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइन आहे. वर्ग कमी ठेवा, सात-आठ बास: गवताळ माळ, झुडपी माळ, पानझडी झाडी, वेडी बाभूळ, लागवड व बागा, जिरायत, बागायत, पाणी, आणि वस्ती-खाण-रस्ता. बरं, नऊ झाले, चालतंय. प्रशिक्षणाचे पॉलिगॉन, म्हणजे वर्ग नक्की माहीत असलेले नमुने, सगळे एकाच गावातले नकोत, खोऱ्याच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागातून घ्या.

युरोपियन स्पेस एजन्सीचं वर्ल्डकव्हर किंवा गूगलचं डायनॅमिक वर्ल्ड हे १० मीटरचे तयार नकाशे आहेत, मग कशाला ही मेहनत? कारण जगासाठी बनवलेल्या नकाशात जिरायत शेत, पडीक आणि माळ यांची अदलाबदल भरपूर होते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी भारतातल्या निमशुष्क मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा जो नकाशा केला, देशाचा सुमारे १० टक्के भाग त्यात येतो, तो मात्र आवर्जून शेजारी लावून बघा, आपल्या माळाशी तो बराच जुळतो की नाही ते तपासणं हा चांगला सराव आहे.

पायरी ७: तुकडे

एकूण २० चौरस किलोमीटर माळ असणं आणि तो दोनशे तुकड्यांत असणं, यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. माळाचा वर्ग व्हेक्टर करा, म्हणजे पिक्सेलचे पॉलिगॉन बनवा, १ हेक्टरपेक्षा लहान तुकडे बाजूला काढा, प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ, जवळच्या तुकड्यापासूनचं अंतर आणि रस्त्यापासूनचं अंतर काढा. लेकॉस प्लगइनने यातलं काही जमतं. कुठल्या प्राण्यासाठी बघताय ते ठरवा, लांडगा रात्रीत शेतं ओलांडून जाईल, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला मात्र मधली वेड्या बाभळीची पट्टीसुद्धा अडथळा.

आणि एक गोष्ट कुठल्याच उपग्रहातून दिसणार नाही: तारेचं कुंपण. इमेजमध्ये माळ सलग दिसतो आणि प्रत्यक्षात एनए प्लॉटिंग होऊन चारी बाजूंनी तार ओढलेली असते. गूगल अर्थमध्ये माळावर कच्च्या रस्त्यांची चौकोनी जाळी दिसली की समजून जायचं. हे प्लॉट हाताने रेखाटा आणि त्या तुकड्याला वेगळी खूण करा.

पायरी ८: पाणी

हिरवा वजा इन्फ्रारेड, भागिले बेरीज, शून्याच्या वर पाणी, ही सुरुवात. उंबरठा थोडा खाली-वर करावा लागतो, गाळाचं पाणी आणि शेवाळ आकडा बिघडवतात. ३० बाय ३० मीटरचं शेततळं सेंटिनेलमध्ये जास्तीत जास्त ९ पिक्सेल, लँडसॅटमध्ये जेमतेम एक, त्यामुळे १९९० ते आज शेततळी किती वाढली असले आलेख लँडसॅटवरून काढू नका.

माझं मत विचाराल तर प्लॅस्टिकचं शेततळं 'पाणथळ' मध्ये धरूच नये. उभे गुळगुळीत काठ, पाणी प्यायला उतरलेला प्राणी वर येत नाही, काठावर गवत नाही की बेडूक नाही. शेतकऱ्याला ते लागतं, त्यावर वाद नाही, पण त्याचा वेगळा लेयर करा आणि तो धोक्याच्या बाजूला टाका. ओढ्यातले डोह, पाझर तलाव, गावतळी यांचं मात्र मे महिन्यात किती ठिकाणी पाणी टिकतं ते वर्षवार बघा. भूजलासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची मे आणि ऑक्टोबरची पातळी जोडा.

पायरी ९: काळ, आणि पावसाचा हिशोब

२०१८ दुष्काळाचं, २०१९ ला उशिरापर्यंत धो धो, २०२३ परत कोरडं. यातली कुठलीही दोन वर्षं उचलून तुलना केली तर हवा तो निष्कर्ष काढता येतो, सुधारणा हवी तर २०१८-२०१९ घ्या, ऱ्हास हवा तर २०१९ आणि २०२३. जलसंधारणाच्या कामांचे 'आधी-नंतर' नकाशे बघताना हे जरूर तपासत जा.

प्रामाणिक पद्धत अशी: जेवढी वर्षं मिळतील तेवढ्यांचा ऑक्टोबरचा एनडीव्हीआय आणि त्या वर्षीचा जून-सप्टेंबरचा पाऊस यांचा संबंध लावा, म्हणजे एवढ्या पावसात एवढं गवत अपेक्षित असं एक समीकरण. मग प्रत्यक्ष वजा अपेक्षित. ही उरलेली रक्कम वर्षागणिक खाली जात असेल तर पाऊस पडूनही गवत येत नाहीये, म्हणजे माती गेलीय किंवा चराई प्रमाणाबाहेर आहे. वर जात असेल तर लगेच टाळ्या वाजवू नका, आधी बघा तिथे वेडी बाभूळ शिरली का किंवा माळ मोडून उपसा सिंचनाच्या पाण्यावर बागायत झाली का. म्हणून हा हिशोब फक्त जिथे माळ माळच राहिलाय त्या पिक्सेलवर करायचा. आणि लँडसॅट-सेंटिनेलचे आकडे एका आलेखात मिसळू नका, बँड थोडे वेगळे आहेत.

पायरी १०: चपला घाला

इथपर्यंतचं सगळं अंदाज आहे. प्रत्येक वर्गात रँडम बिंदू टाका, वर्गामागे किमान ५० हा चांगला नियम. त्यातले काही गूगल अर्थवर तपासून होतील, पण माळ, झुडपी माळ आणि पडीक यांचे बिंदू प्रत्यक्ष जाऊनच. जागेवर नोंदी करायला मोबाईलमध्ये क्यूफील्ड अ‍ॅप टाका किंवा कोबो अ‍ॅपमध्ये मराठी फॉर्म बनवा. फक्त रस्त्याकडेचे बिंदू गोळा करू नका, रस्त्याकडेची जमीन नेहमीच वेगळी असते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवरच्या नोंदी वापरतानाही हेच, जिथे लोक गाडी लावतात तिथेच पक्षी जास्त दिसतात. नोंद नाही म्हणजे पक्षी नाही असं नसतं.

माळावर मोजायची सोपी पद्धत: सरळ रेषेत १०० पावलं चाला आणि दर पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आहे ते लिहा, बहुवर्षायू गवत, एकवर्षायू गवत, पालापाचोळा, दगड, उघडी माती, तण. मोजणी झाली की तीच टक्केवारी, गुणाकार-भागाकार काही नाही. वेळ ऑक्टोबरची, कारण कणीस असताना गवत ओळखता येतं. मारवेल-पवन्या विरुद्ध कुसळी एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ, आणि नाही आलं तर सोबत गुराखी घ्या. अभयारण्यात किंवा राखीव वनात शिरायला वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि जमिनीवर घरटी असतात त्या दिवसात माळभर फिरत बसू नका.

मग हिशोब. नकाशाने 'माळ' म्हटलेल्या ५० बिंदूंपैकी ३८ खरंच माळ निघाले तर तुमची त्या वर्गाची विश्वासार्हता ७६ टक्के. उलट बाजूही काढा, प्रत्यक्षातल्या माळापैकी नकाशाने किती पकडले. दोन्ही आकडे नकाशावर छापा. एकूण अचूकता ९० टक्के असं लिहून मोकळं होणं ही पळवाट आहे, कारण शेती एवढी जास्त असते की ती बरोबर आली की एकूण आकडा चांगलाच येतो.

पायरी ११: गुण द्यायचे कसे

प्रत्येक प्रकाराला त्याच्याच संदर्भ तुकड्याशी तोला. चांगल्या माळावर बहुवर्षायू गवत ६० टक्के निघालं असेल आणि तुमच्या जागी १५, तर गुण ०.२५. उघडी माती, घुसखोर वनस्पती, तुकड्याचा आकार, पावसाचा हिशोब करून उरलेला कल, सगळ्यांचे असे ० ते १ मध्ये गुण काढा. झाडीच्या वर्गाला वेगळे निकष, तिथे घाणेरी किती आणि छत्र किती तुटलंय ते बघा.

या गुणांची सरासरी काढून एकच निर्देशांक करायचा मोह टाळा. मातीला ०.९ आणि घुसखोरीला ०.१ मिळाले तर सरासरी ०.५, नकाशावर पिवळा, 'ठीक आहे'. ठीक काही नाहीये, पाच वर्षांत ती जागा बाभळीचं रान होणार आहे. म्हणून रंग सगळ्यात कमी गुणावरून द्या आणि क्लिक केल्यावर कुठला निकष कमी पडला ते दिसू द्या, म्हणजे काय करायचं ते कळतं, बाभूळ काढायची, चराई फिरती ठेवायची की फक्त हात लावायचा नाही. पातळ्या तीनच ठेवा. ०.६३ आणि ०.६७ मधला फरक दाखवण्याएवढा आपला डेटा बारीक नाही. सोबत एक खात्रीचा लेयर ठेवा, जिथे प्रत्यक्ष बिंदू जवळपास नाहीत तो भाग रेघांनी झाकलेला.

पायरी १२: लोकांसमोर ठेवताना

लांडग्याच्या गुहा, घुबडांची घरटी, दुर्मिळ वनस्पतींच्या जागा, यातलं काहीही नकाशावर नेमकं टाकू नका. ५ किलोमीटरचा चौकोन पुरे. आयनॅचरलिस्ट ही निसर्गनोंदींची साइटसुद्धा संकटग्रस्त प्रजातींचे ठिकाण मुद्दाम धूसर करतं.

गट नंबरच्या रेषा सार्वजनिक नकाशावर चढवू नका. लाल रंगात आपला गट दिसला की गावात पहिला अंदाज एकच असतो, जमीन जाणार. मग पुढच्या वेळी तुम्हाला माळावर पाय ठेवू देणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आधी ग्रामपंचायतीत किंवा पारावर प्रिंट घेऊन बसा, ए-झीरो साइजची, त्यावर ओढ्यांची, वाड्यांची, टेकड्यांची स्थानिक नावं लिहिलेली. लोक पेनाने दुरुस्त्या करतात, 'हे कुरण नाही, हे पाटलांनी गेल्या साली मोडलं', त्या सगळ्या दुरुस्त्या परत क्यूजीआयएसमध्ये घ्या. लाल-हिरवा जोडीचे रंग टाळा, पुष्कळ पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही, तपकिरी ते निळा असा पट्टा बरा, आणि शिवाय हिरवं म्हणजे चांगलं ही सवयही थोडी मोडते.

फाइलच्या नावात इमेजची खिडकी आणि वर्ष लिहा, संदर्भ तुकड्यांचे पॉलिगॉन आणि १०० पावलांच्या रेषांचे सुरुवात-शेवटचे बिंदू एका जिओपॅकेज फाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याच रेषांवर त्याच दिशेने चालायचंय.